बिबडे दोन उन्हांत वाळतात, मग केळीचं पान का वाळत नाही?

चैत्र लागला की आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड पडायचे. ज्वारी भिजवून, आंबवून, तिचं पीठ तीळ घालून शिजवायचं आणि गरम असतानाच ओल्या कापडावर पातळ थापायचं. सकाळी थापलेला बिबडा दुपार कलली की कडेने सुटायला लागायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कडकडीत वाळलेला असायचा. धाब्याच्या काठाशी उभं राहिलं की समोर केळीची बाग दिसायची. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या यावल तालुक्यात घराच्या पाठीमागे केळी नसेल तर बहुतेक पुढे असते.

ऊन तेच, आणि तापीकाठचा गरम वाराही तोच. बिबडा पातळ आणि पसरट म्हणून झटकन वाळतो. केळीचं पान तर बिबड्याहून पातळ, चार-साडेचार हात लांब आणि दीड हात रुंद. ते महिनोन्‌महिने त्याच उन्हात उभं राहतं आणि हिरवं राहतं. सातवीत असताना मी नानांना विचारलं, पान का वाळत नाही? बागेला पाण्याची बारी देता देता मान वर न करता ते म्हणाले, "खालून पानी येतं ना त्याले."

उत्तर बरोबर होतं, पण अर्धं. पाणी खालून येतं हे खरं. पण मग झाडाने इतका वाळण्याजोगा आकार निवडलाच कशाला? पान लिंबासारखं गोल आणि गुबगुबीत असतं तर पाणी कितीतरी कमी उडालं असतं. पानाची सगळी रचना या प्रश्नाभोवती फिरते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

झाडाला साखर बनवायला तीन गोष्टी लागतात: ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड. ऊन खानदेशात मोजायची गरज नाही. पाणी मुळं आणतात. खरी टंचाई असते ती तिसऱ्या गोष्टीची. दहा हजार भाग हवा घेतली तर त्यात कार्बन डायऑक्साइड जेमतेम चार भाग. एवढा विरळ माल गोळा करायचा तर हवेला जास्तीत जास्त जागी स्पर्श व्हायला हवा, म्हणून पान पसरट. आणि आत शिरलेल्या वायूला फार लांब जायला लागू नये म्हणून ते पातळ, एका मिलिमीटरच्या काही दशांशांएवढंच. पातळ असण्याचा दुसरा फायदा उन्हाचा: वरून पडलेला प्रकाश तळापर्यंत पोचतो, आतली कुठलीच पेशी अंधारात बसत नाही.

म्हणजे ज्या आकाराने कमाई होते, त्याच आकाराने पाणीही उडतं. पानाच्या आतली मांडणी पाहिली की झाडाने या पेचातून वाट कशी काढली ते कळतं.

केळीच्या पानावर पाणी टाकून पाहा. जेवायला बसताना आपण पानावर पाणी शिंपडतो तेव्हा ते पसरत नाही, मोत्यांसारखं घरंगळतं. हा पानावरच्या मेणाचा थर. बाहेरचं पाणी आत येऊ नये हा त्याचा मुख्य उद्देश नाही. आतलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून तो आहे. मेणाखाली पानाची त्वचा, म्हणजे रंगहीन पेशींची एक ओळ. या पेशींत हिरवं काहीच नसतं, आणि ते शहाणपणाचं आहे. त्या हिरव्या असत्या तर वरचं ऊन त्यांनीच खाल्लं असतं. त्या काचेच्या कौलासारख्या आहेत: पाऊस-वारा अडवतात, उजेड आत सोडतात.

कौलाखाली खरा कारखाना. वरच्या बाजूला लांबट पेशी उभ्या, एकमेकींना खेटून. कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी उभ्या लावाव्यात तशा. या उभ्या पेशींमध्ये हरितलवकांची गर्दी असते. हरितलवक म्हणजे पेशीच्या आतली ती हिरवी कणी, जिच्यात उन्हाच्या बळावर पाणी फोडलं जातं आणि साखर जुळवली जाते. पाणी फुटल्यावर उरणारा ऑक्सिजन बाहेर टाकला जातो, आणि तो आपण श्वासात घेतो. ऊन मंद असेल तर हरितलवक पेशीत उजेडाकडे पसरून बसतात; कडक असेल तर कडेच्या भिंतींना लागून एकामागे एक उभे राहतात, म्हणजे एकमेकांच्या सावलीत. पेशीच्या आतही सावली शोधली जाते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मेमधल्या दुपारी निंबाखाली जमलेली माणसं आठवली.

उभ्या पेशींच्या खाली सगळं सैल असतं. पेशी वेड्यावाकड्या, मध्ये मोकळ्या जागा, आणि त्या जागांत हवा भरलेली. पानाचा हा खालचा भाग पावासारखा सच्छिद्र आहे. इथे हवा फिरते आणि प्रत्येक हिरव्या पेशीच्या दारात कार्बन डायऑक्साइड पोचवते. ही मोकळी जागा नसती तर वायूला पेशींच्या पाण्यातून वाट काढावी लागली असती, आणि पाण्यातून तो हवेपेक्षा साधारण दहा हजार पट सावकाश पुढे सरकतो. म्हणून पानाला पोटात हवा ठेवावीच लागते.

ही हवा डोळ्यांनी पाहता येते. मेथीची भाजी गरम तव्यात टाकली की क्षणात जास्त गडद, जास्त हिरवी दिसू लागते. मेथीत नवा रंग आलेला नसतो. पेशींमधली हवा निसटते, तिच्या जागी पाणी भरतं, आणि प्रकाश परत उसळवणारे ते हवेचे कप्पे नाहीसे होतात. केळीचं पान खालून फिकट दिसतं त्यामागेही मोठा वाटा याच पोकळ थराचा आहे. आणि पोकळपणाचा आणखी एक उपयोग आहे: आत शिरलेला उजेड हवेच्या कप्प्यांवर आपटून इकडून तिकडे उड्या मारतो, पुन्हा पुन्हा हिरव्या पेशींतून जातो. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश आवडीने घेतं, हिरवा नाकारतं, असं आपण शाळेत शिकलो. ते चूक नाही, पण पुरतं नाही. या उड्यांमुळे हिरव्यातलाही बराचसा प्रकाश शेवटी वापरला जातो. जो थोडा निसटतो, तोच आपल्या डोळ्यांना दिसतो.

आता हवा आत येते कुठून? मेणाने तर सगळं बंद केलंय. घरी करून पाहण्याजोगी एक गोष्ट सांगते. पिंपळाचं एक ताजं पान घ्या. काचेच्या भांड्यात गरम पाणी घ्या, उकळतं नको, बोटाला चटका बसेल इतपत. पान त्यात बुडवून धरा. आतली हवा तापून फुगते आणि पानाच्या खालच्या बाजूवर बारीक बुडबुड्यांची राळ उठते. वरच्या बाजूवर बुडबुडे जवळजवळ येतच नाहीत. जिथून बुडबुडे आले तिथे झरोके आहेत. शास्त्रात त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये असे शे-दोनशे झरोके असतात, आणि पिंपळात ते खालच्या बाजूला, सावलीत. केळीला दोन्ही बाजूंना असतात, पण खाली कितीतरी जास्त.

प्रत्येक झरोक्याच्या दोन्ही अंगांना दोन पेशी असतात, ओठांसारख्या. झाडाकडे पाणी भरपूर असलं की त्या फुगतात. त्यांची आतली भिंत जाड आणि बाहेरची पातळ असल्याने फुगताना त्या बाहेरच्या अंगाला वाकतात, आणि मध्ये फट पडते. पाणी घटलं की त्या सैलावतात आणि फट मिटते. या व्यवस्थेला कोणी हुकूम द्यावा लागत नाही. पाणीच किल्ली आहे. मुळांना माती कोरडी लागली तर त्या रसायनाच्या रूपाने निरोपही वर धाडतात, मग पान सुकण्याआधीच झरोके आवळले जातात.

पूर्ण उघडे असतानाही हे सगळे झरोके मिळून पानाचा एक-दोन टक्के भाग व्यापतात. पण तेवढ्यातून जे पाणी जातं ते ऐकून धक्का बसतो. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पानातून नुसतं उडून जातं. केळीसारख्या झाडाला कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत घ्यायला पाण्याचे ४०० ते ५०० रेणू बाहेर सोडावे लागतात. आत येणारा माल विरळ, आणि बाहेर जाणारं पाणी दाट, झरोका एकच. एवढा महागडा सौदा झाड रोज सूर्य उगवल्यापासून करत असतं.

ही उधळपट्टी मात्र निव्वळ तोटा नाही. पाणी उडताना पानाची उष्णता घेऊन जातं, माठातलं पाणी गार होतं तसंच. पोटभर पाणी असलेलं कपाशीचं पान भर दुपारी भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी गार असू शकतं. आणि वरून पाणी उडतं म्हणूनच खालून पाणी ओढलं जातं. झाडात मोटर नाही. मुळापासून पानापर्यंत जलवाहिन्यांत पाण्याची अखंड दोरी असते. वरचं टोक उडत राहतं तशी ती दोरी वर सरकत राहते. नानांचं उत्तर इथे पूर्ण होतं. पाणी खालून येतं, कारण वरून जातं.

मग केळीचं काय? मला विचाराल तर हे झाड आपल्या भागासाठी जन्मलेलंच नाही. ते दमट, सावलीच्या, बिनवाऱ्याच्या जंगलातलं. तिथे मोठं पान म्हणजे श्रीमंती. आपण ते आणलं रावेर-यावलच्या काळ्या मातीत, जिथे मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. इथे तेच मोठं पान जोखमीचं होतं. मोठ्या पानाला लगटून हवेचा एक थर थांबून राहतो, तो उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. निंबाची बारीक पत्री किंवा बाभळीची त्याहून बारीक पानं वाऱ्याच्या झुळकीसरशी गार होतात. केळीचं अख्खं पान होत नाही. ३८ अंशांच्या पुढे केळीची वाढ जवळपास थांबते, आणि पानाचं स्वतःचं तापमान ४७ अंशांच्या आसपास गेलं की पेशी मरू लागतात.

तरी केळी झुंजते, आणि कशी ते बांधावर उभं राहून दिसतं. दुपारी बारानंतर पानाचे दोन्ही भाग मधल्या शिरेवर खाली मिटतात, घराच्या पाखांसारखे. शिरेला लागून दोन्ही बाजूंनी फिकट पट्टे असतात. त्यातल्या पेशींतलं पाणी कमी-जास्त झालं की पान मिटतं आणि उघडतं. मिटलेल्या पानावर ऊन तिरपं पडतं, आणि खालच्या बाजूचे झरोके सावलीच्या कोंडीत येतात. नवखा माणूस हे बघून बाग सुकली म्हणतो. संध्याकाळी पान पुन्हा सपाट झालं तर ती सुकलेली नव्हती.

दुसरी गोष्ट फाटण्याची. केळीच्या पानात बारीक शिरा मधल्या शिरेपासून कडेपर्यंत एकमेकींना समांतर जातात, आणि त्यांना आडवं बांधणारं बळकट काही नसतं. वादळवारा आला की पान त्या रेघांवरून फाटतं. आपल्याला ते नुकसान वाटतं. थोडंबहुत फाटणं मात्र झाडाच्या फायद्याचं असतं: एका मोठ्या पानाच्या अनेक पट्ट्या होतात, वारा मधून खेळतो, पान गार राहतं. शिवाय पानाने वाऱ्याला असा रस्ता दिला नसता तर अख्खं झाड आडवं झालं असतं. चिंध्या होईपर्यंत फाटलं तर मात्र कमाईच बुडते. म्हणून बागेच्या पश्चिमेला शेवरी किंवा गजराज गवताचा आडोसा लावतात, हिरवी जाळी बांधतात. केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी करतात ती याच हिशेबाने: थोडं ऊन परत फेकलं जातं, पान कमी तापतं, पाणी कमी उडतं.

आमच्या घरात पानाला जीव लावायचे त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. केळीचं झाड आयुष्यात तीस-चाळीस पानं काढतं, एकामागून एक, सुरळीसारख्या पोंग्यातून उलगडत. पण एकदा बाग निसवली, म्हणजे कमळ (केळफूल) बाहेर पडलं, की त्या झाडाला नवीन पान येत नाही. एकही नाही. खोडाच्या ज्या टोकातून पानं यायची त्याच टोकाचा घड झालेला असतो. त्या दिवशी झाडावर जितकी पानं असतील, तेवढ्यांच्या कमाईवर पुढचे तीन महिने, कधी जास्त, अख्खा घड भरायचा. निसवणीच्या वेळी किमान आठ चांगली पानं हवीत, असं म्हणतात त्याचा अर्थ हा. नाना तोलाच्या दिवशी घड उचलून बघायचे आणि म्हणायचे, "पान राह्यलं म्हून घड भरला."

म्हणून करपा इतका जिव्हारी लागतो. पावसाळ्यात पानावर पिवळट रेघा, मग तपकिरी ठिपके, मग पान कडेपासून जळाल्यासारखं. ही बुरशी पानात शिरते ती त्याच झरोक्यांतून, ज्यातून कार्बन डायऑक्साइड जातो. श्वास घ्यायला तोंड उघडं ठेवायचं तर रोगालाही वाट मिळते, आणि पानावर पाण्याचा ओलावा तासन्‌तास राहिला तर बुरशीला ती शोधायला वेळ मिळतो. बाग दाट झाली, वारा कोंडला की करपा वाढतो, तो यामुळे. आणि करप्याने खाल्लेला हात-दोन हात हिरवा भाग परत येत नाही, कारण नवीन पानच येणार नसतं.

आता पुन्हा बिबड्याकडे, म्हणजे ज्वारीकडे. आपली दादर ज्वारी पाऊस संपल्यावर काळ्या मातीतल्या ओलीवर पेरतात, आणि ती नुसत्या त्या ओलीवर, थंडीतल्या दवावर हातात येते. केळीला ठिबकने रोज पाणी, दादरला एकही बारी नाही. हा फरक पानाच्या आतल्या मांडणीत आहे.

साखर जुळवण्याचं पहिलं काम करणारं एन्झाइम म्हणजे रुबिस्को. ते कष्टाळू आहे पण त्याला माणूस ओळखता येत नाही, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या जागी कधीकधी ऑक्सिजनच पकडतं. तसं झालं की झालेलं काम उलगडावं लागतं आणि मिळवलेला कार्बन वाया जातो. ऊन वाढलं की ही चूक वाढते, आणि गरम दिवशी केळी, कपाशी, गहू यांच्या कमाईतला पाव हिस्सा असा सहज जातो.

ज्वारीने, बाजरीने, मक्याने, उसाने रुबिस्कोला खोलीत बसवलं. ज्वारीचं पान उन्हासमोर धरा: शिरा अगदी जवळजवळ दिसतील, गव्हापेक्षा दाट. प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, गडद हिरव्या पेशींचं एक कडं असतं, गजरा गुंडाळावा तसं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाबरलांट या शास्त्रज्ञाने या रचनेला जर्मनमध्ये हार या अर्थाचं नाव दिलं. तिचं काम मात्र १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसाच्या पानावर उलगडलं. बाहेरच्या पेशींमध्ये दुसरं एक एन्झाइम असतं, जे ऑक्सिजनला हात लावत नाही. ते कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचं आम्ल बनवतं आणि आत, कड्यातल्या पेशींकडे पोचवतं. तिथे आम्ल फुटतं, कार्बन डायऑक्साइडची दाटी होते, आणि त्या दाटीत बसलेल्या रुबिस्कोची चूक जवळपास होतच नाही.

आत माल असा दाटवता येतो म्हणून झरोका थोडा किलकिला ठेवला तरी भागतं. एका रेणूसाठी केळी जिथे ४०० ते ५०० रेणू पाणी मोजते, तिथे ज्वारी साधारण २५० मोजते. त्यावर तिच्याकडे आणखी एक हिकमत आहे. पानाच्या वरच्या त्वचेत काही मोठ्या, पाण्याने भरलेल्या पेशी असतात. ताण पडला की त्या आधी पिचतात आणि पानाची सुरळी होते. ऊन लागणारं अंग अर्ध्यावर येतं. पहाटे पान उलगडलेलं दिसलं तर ज्वारी अजून दम धरून आहे, असं शेतकरी समजतो, आणि त्याचं बरोबर असतं.

सातपुड्यातल्या सागाने आणि पळसाने वेगळाच मार्ग धरला आहे. पाणी संपलं की ते पानंच टाकतात. तोरणमाळच्या वाटेवर होळीच्या सुमारास पळसाला नुसती फुलं असतात ती यामुळे.

आणि बांधावरचं घायपात. त्याची पानं जाड, मांसल, मेणाने माखलेली; आत पाणी साठवलेलं. एका रेणूसाठी ते ५० ते १०० रेणू पाण्यावर भागवतं, कारण दिवसा ते झरोके उघडतच नाही. रात्री, हवा गार आणि ओलसर असताना उघडतं, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं, आणि दिवसा दारं लावून उन्हात त्याची साखर करतं. पहाटे त्याच्या पानाचा रस जास्त आंबट असतो, संध्याकाळी कमी, तो या साठ्यामुळे.

आमच्याकडे रात्रीची लाइट असली की मोटर सुरू करायला अकराला शेतात जावं लागतं. नानांच्या मागोमाग बॅटरी धरून मी कितीदा त्या बांधावरून गेले आहे. एका हाताला केळीची बाग, पानं सपाट पसरलेली, झरोके मिटलेले. दुसऱ्या हाताला, पाय कापू नये म्हणून जिच्यापासून आम्ही अंग चोरून चालायचो ती घायपात, तेव्हा नुकती श्वास घ्यायला लागलेली.